ज्येष्ठमधाची साक्ष

‘औषध’ हा शब्द ज्या ‘ओषधि’ शब्दापासून झाला, त्याचा अर्थ वनस्पती असा आहे. म्हणजे भाषेच्या दृष्टीने पाहता मूळ औषध ते झाडपाल्याचेच. कारखान्यात घडून चकचकीत वेष्टनातून येणाऱ्या गोळीस हे नाव मागाहून मिळाले. परंतु आज कोणत्याही सुशिक्षित घरी जाऊन “आपण औषध कोणते घेता?” असे विचारावे, तर उत्तरात गोळीचेच नाव येईल. ओट्यावरील बरणीतले ज्येष्ठमध, अश्वगंधाचे चूर्ण किंवा गुग्गुळाच्या गोळ्या यांचा उच्चारही होणार नाही. “ते काय औषध? ते घरचे!” असे म्हणून आपण त्यांस उत्तरातून वगळतो. शब्दाच्या या स्थलांतराने बरेच अनर्थ घडवले आहेत. ते कसे घडले व कसे उमगले, याचा इतिहास आम्हांस आमच्या व्यवसायामुळे चाळावा लागला. तोच येथे सांगण्याचा विचार आहे.

आमच्या एक मावशी बेळगावास असतात. वय सत्तरीपुढचे. संधिवातासाठी कित्येक वर्षे प्रेडनिसोलोनची लहानशी गोळी आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी दुसरी, असा त्यांचा नेम. एका पावसाळ्यात खोकला बळावला, म्हणून त्यांनी ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला. गुण आला, तोंडास गोडी लागली, आणि खोकला गेल्यावरही काढा दिवसातून तीनदा चालूच राहिला. चार महिन्यांनी पाय सुजले, रक्तदाब चढला, हातापायांतली शक्ती गेली, आणि एके सकाळी त्यांस अंथरुणातून उठवेना. रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा पोटॅशियम धोक्याच्या पातळीखाली उतरलेले आढळले. “आणखी कोणते औषध?” असे वैद्यकीय मंडळींनी तीन वेळा विचारले, तिन्ही वेळा “नाही” हे उत्तर मिळाले, आणि मावशींच्या समजुतीप्रमाणे ते खरेच होते. शेवटी उशी नीट करताना एका परिचारिकेने सहज विचारले, “आज्जी, घरातलं काय घेतासा काय?” तेव्हा काढ्याची हकीकत बाहेर आली.

मावशी बऱ्या झाल्या. पण मावसभाऊ संतापून आमच्याकडे आला आणि म्हणाला, “दादा, डॉक्टरांवर दावा लावू या.” आम्ही कागद मागवून वाचले. दोन दिवसांत आमच्या ध्यानी आले की, येथे प्रतिवादी कोणास करावे हाच मोठा प्रश्न आहे. गोळी योग्य होती. काढ्यात भेसळ नव्हती. डॉक्टरांनी विचारले होते, मावशी खोटे बोलल्या नव्हत्या. दोष कोणत्याही एका वस्तूत वा व्यक्तीत सापडत नव्हता. तो दोन वस्तूंच्या गाठीत होता. आणि अशा गाठीविषयी विचारण्याची सवय आपल्या कायद्यास नाही, बाजारास नाही व घरासही नाही. दावा आम्ही लावला नाही. मात्र ज्येष्ठमधास साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून त्याची पूर्वपीठिका काढण्याचे ठरवले.

हा साक्षीदार फार जुना व फार प्रतिष्ठित आहे. चरकाने बुद्धिवर्धक म्हणून जी चार मेध्य रसायने सांगितली, त्यांत दुधाबरोबर घ्यावयाचे यष्टिमधूचे, म्हणजे ज्येष्ठमधाचे, चूर्ण आहे. इकडे ग्रीसमध्ये थिओफ्रास्टसने इसवी सनापूर्वी सुमारे तीनशे वर्षे या मुळीचा ‘सिथियन मूळ’ म्हणून उल्लेख केला. घोडीच्या दुधाचे चीज व ही मुळी यांवर सिथियन लोक अकरा-बारा दिवस पाण्यावाचून राहू शकतात, असे त्याने नोंदवले आहे. मुळी शरीरात पाणी धरून ठेवते, ही गोष्ट ज्येष्ठमधाच्या चरित्रात अशी प्रारंभापासून लिहिलेली होती. तिचा अर्थ लागण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. हॉलंडच्या उत्तरेस हेरेनवेन नावाच्या गावी एक औषधविक्रेता ज्येष्ठमधाच्या अर्काचे मिश्रण विकत असे, आणि जठरव्रणाचे रोगी त्याची मोठी तारीफ करीत. डॉ. रेव्हर्स यांनी त्याची पद्धतशीर परीक्षा केली व १९४६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्रणास गुण येत होता, यात शंका नव्हती. पण सुमारे पाच रोग्यांमागे एकाचा चेहरा व पाय सुजत होते, डोके दुखत होते. मात्रा कमी केली की सूज ओसरे. गुणाबरोबर आलेले हे गाऱ्हाणे रेव्हर्स यांनी दडवले नाही, आणि शास्त्राची वाट त्या गाऱ्हाण्यानेच उघडली.

वाट कोणती, हे समजण्यासाठी शरीरातील एका यंत्रणेची ओळख करून घेतली पाहिजे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून जी द्रव्ये रक्तात मिसळतात व दूरच्या अवयवांस आज्ञा पोहोचवतात, त्यांस संप्रेरके, म्हणजेच हार्मोन, म्हणतात. त्यांपैकी अल्डोस्टेरॉनचे काम मूत्रपिंडास मीठ राखण्यास व पोटॅशियम सोडण्यास सांगणे हे होय. कॉर्टिसॉलची कामे पुष्कळ व निराळी आहेत. या ग्रंथी निकामी झाल्या तर काय होते, हे लंडनचे डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिले. त्या रोगास आजही त्यांचे नाव आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये कॉर्टिसोन संधिवाताच्या रोग्यास प्रथम देण्यात आले, आणि १९५० चे नोबेल पारितोषिक केंडल, राइशस्टाइन व हेंच यांस याच ग्रंथींच्या संप्रेरकांवरील कार्यासाठी मिळाले. संप्रेरके औषध म्हणून देण्याचे युग वेगाने पसरू लागले, ते असे.

त्याच १९५० साली बोर्स्ट, मोल्हाउसेन आदी डच वैद्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की, ज्येष्ठमधाचा अर्क शरीरात मीठ राखणाऱ्या संप्रेरकासारखाच वागतो. लगेच तो अ‍ॅडिसनच्या रोग्यांवर वापरून पाहण्यात आला. काहींस तो उत्तम लागू पडला. ज्यांच्या ग्रंथी पुरत्या नाहीशा झाल्या होत्या, त्यांच्यावर मात्र त्याचा काही परिणाम होईना. येथे शोधाची किल्ली होती. १९५३ मध्ये बोर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले की, अशा रोग्यास ज्येष्ठमधाबरोबर कॉर्टिसोन दिले, तर दोघांचा परिणाम एकमेकांस बळ देतो. याचा अर्थ असा की, ज्येष्ठमध स्वतः हुकूम सोडीत नाही. शरीरात असलेल्या, अथवा गोळीवाटे आलेल्या, संप्रेरकाच्या हुकुमास ते भलतेच बळ चढवते. वनस्पती व संप्रेरकाचे औषध यांच्या परस्परक्रियेची ही अगदी आरंभीची नोंद होय. तिला आता सत्तरांहून अधिक वर्षे झाली, आणि आमच्या मावशींच्या घरी तिचा वारा पोहोचलेला नव्हता.

हे बळ कसे चढते, याचा उलगडा १९८७ साली एडिंबरा येथे स्ट्यूअर्ट, एडवर्ड्स आदी संशोधकांनी केला. मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनसाठी राखलेली जी आसने आहेत, त्यांवर कॉर्टिसॉलही तितक्याच सहजतेने बसू शकते. आणि रक्तात कॉर्टिसॉल कितीतरी पटींनी अधिक असते. म्हणून दारावर एक एन्झाइम पहाऱ्यास असते. येणाऱ्या कॉर्टिसॉलचे ते निरुपद्रवी कॉर्टिसोन करून टाकते व आसने योग्य मालकासाठी मोकळी ठेवते. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनपासून शरीरात तयार होणारे द्रव्य या पहारेकऱ्यासच जखडून टाकते. मग कॉर्टिसॉलची झुंड आत शिरते, मीठ व पाणी साचते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम वाहून जाते. प्रेडनिसोलोनही याच पहारेकऱ्याकडून निष्प्रभ केले जात असल्याने, ज्येष्ठमधाच्या संगतीत त्याचा अंमल लांबतो. त्यात लघवी वाढवणारी गोळी पोटॅशियम आणखी बाहेर काढीत असेल, तर मावशींची जी गत झाली ती का झाली, हे सांगण्यास वकील नको. साधा जमाखर्च पुरे.

येथे कोणी म्हणेल की, मुळी ती मुळी व गोळी ती गोळी. दोन वेगळ्या कुळींच्या वस्तूंचे न जमल्यास नवल काय? पण ही कुळी वेगळी नाही, हेच तर या इतिहासाचे मर्म आहे. १९३४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांस पन्नास हजार डुकरिणींच्या अंडाशयांतून प्रोजेस्टेरॉन हे स्त्री-संप्रेरक अवघे वीस मिलिग्रॅम मिळाले होते. अशा दुर्मीळ द्रव्याचे औषध गरिबाच्या घरी कधी पोहोचावे? अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी ते वनस्पतीत शोधले. मेक्सिकोच्या रानातील एका कंदात डायोस्जेनिन हे द्रव्य विपुल सापडले, आणि त्यापासून प्रोजेस्टेरॉन करण्याची रीत त्यांनी बसवली. १९४४ मध्ये मेक्सिको शहरात ‘सिंटेक्स’ ही कंपनी स्थापन झाली. तेथेच ऑक्टोबर १९५१ मध्ये मिरामोंतेस, जेरासी व रोझेनक्रान्झ यांनी नोरेथिस्टेरॉन हे द्रव्य तयार केले, जे पुढे संततिनियमनाच्या कित्येक गोळ्यांचे अंग बनले. मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी रानातून खणून आणलेल्या कंदांवर हा सारा उद्योग उभा होता. आपल्या कोकणात भाजून वा उकडून खाल्ले जाणारे करांदे व कोनफळ हे त्याच कंदाचे भाऊबंद. (म्हणून कोनफळ खाल्ल्याने संप्रेरक मिळते, असे कोणी समजू नये; ते रूपांतर प्रयोगशाळेतच होते.) तात्पर्य, रेणूंच्या जगात वनस्पती व गोळी यांच्यामध्ये कुंपण नाही. शरीर वस्तूस तिची जात विचारत नाही, तिचा आकार पाहते.

आता दुसरा साक्षीदार. गोमंतकातील वाचकांस २४ जूनचा सांजांव सांगावयास नको. त्या दिवशी डोईवर पानाफुलांचे कोपेल चढवून तरुण मंडळी विहिरीत उड्या घेतात. ज्या संत योहानाचा हा सण, त्याच्याच नावाने युरोपात पिवळ्या फुलांची एक वनस्पती ओळखली जाते, कारण ती या सणाच्या सुमारास फुलते. इंग्रजीत तिला सेंट जॉन्स वर्ट म्हणतात. जखमा व मनाची उदासी यांवर तिचा उपयोग फार पूर्वीपासून होत आला. १९९६ मध्ये सौम्य नैराश्यावर ती गुणकारी असल्याची बाजू मांडणारा, अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा ब्रिटनच्या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला, आणि जर्मनीपासून अमेरिकेपर्यंत तिच्या कुप्या धडाधड खपू लागल्या. वनस्पती म्हणजे निर्धोक, हा समज त्या खपाचा निम्मा भागीदार होता.

मग २००० साल उजाडले आणि चहूंकडून वार्ता येऊ लागल्या. स्वीडनच्या औषध-प्रशासनातील वैद्यांनी कळवले की, वर्षानुवर्षे संततिनियमनाची गोळी बिनतक्रार घेणाऱ्या स्त्रियांस ही वनस्पती सुरू केल्यावर मधूनच रक्तस्राव होऊ लागला. म्हणजे गोळीतले संप्रेरक अपुरे पडू लागले. झुरिक येथे हृदयाचे रोपण झालेल्या दोन रोग्यांच्या शरीराने नवे हृदय नाकारण्यास प्रारंभ केला, कारण ते नाकारले जाऊ नये म्हणून दिलेले सायक्लोस्पोरिन रक्तात घटले होते. अमेरिकेत आठ निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग झाला, आणि एड्सच्या विषाणूवरील इंडिनाव्हिर या औषधाचे शरीरात पोहोचणारे प्रमाण या वनस्पतीमुळे सरासरी ५७ टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. औषधे तीन, रोग तीन, देश तीन; पण चोर एकच होता.

त्या चोराचा मार्गही त्याच वर्षी सापडला. यकृतात प्रेग्नेन-एक्स नावाचा एक ग्राहक असतो. १९९८ मध्ये त्याचा शोध लागला, आणि प्रेग्नेन गटाची स्टेरॉइडे त्यास जागवतात म्हणून हे नाव पडले. प्रोजेस्टेरॉन याच गटातले. परका रेणू दिसला की हा ग्राहक जागा होतो व त्या रेणूची मोडतोड करणारी एन्झाइमे वाढवण्याचा हुकूम देतो. सेंट जॉन्स वर्टमधील हायपरफोरिन या पहारेकऱ्यास जबरदस्त चिथवते. मग वाढलेली एन्झाइमे समोर येईल त्याचा फडशा पाडतात; गोळीतील संप्रेरकाचाही. ज्येष्ठमधाने मूत्रपिंडातला पहारेकरी जखडून संप्रेरकाचा अंमल वाढवला होता. येथे यकृतातला पहारेकरी चेतवून तो घटवला गेला. परिणाम उलट, पण दोन्हीकडे गुन्ह्याची जागा एकच, म्हणजे पहारा.

यातली खेदाची बाब अशी की, इशारा तीस वर्षे अगोदर मिळालेला होता. १९७१ मध्ये जर्मनीत रायमर्स व येझेक यांनी नोंदवले होते की, क्षयावरील रिफाम्पिसिन सुरू असलेल्या व संततिनियमनाची गोळी घेणाऱ्या स्त्रियांस असाच अवेळी रक्तस्राव होतो. एका औषधाने दुसरे निष्प्रभ होते, हे वैद्यकास ठाऊक झाले होते. पण तो नियम वनस्पतीसही लागू असेल, असा विचार कोणी केला नाही, कारण वनस्पती ‘औषध’ या सदरात नव्हतीच. ज्यांनी तिची शिफारस केली त्यांनी तिला निर्धोक मानले, आणि ज्यांनी तिची हेटाळणी केली त्यांनी तिला निष्प्रभ मानले. भक्त व निंदक या दोघांनीही तिला कमीच लेखले! ब्रिटन, अमेरिका आदी देशांनी २००० मध्ये इशारे काढले. आयर्लंडने तर ती चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरीही २०१४ साली ब्रिटनच्या औषध-नियामकांस पुन्हा बजवावे लागले, कारण दंडात संप्रेरकाचे रोपण असतानाही दोन स्त्रियांस ही वनस्पती घेत असता अनपेक्षित गर्भधारणा झाली होती. नको असता राहिलेला गर्भ म्हणजे काय, हे त्या स्त्रीवाचून कोणास सांगता येणार?

हे सारे परदेशाचे झाले, असे म्हणून सुटका नाही. मेदरोगाचे सुश्रुताने केलेले वर्णन व गुग्गुळाचा उपचार यांची सांगड घालून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात सशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्यांतूनच पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ‘गुगुलिपिड’ घडवले. गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन हे रचनेने प्रेग्नेन गटाचेच स्टेरॉइड आहे. त्याने उंदरांच्या अवटु, म्हणजे थायरॉइड, ग्रंथीस चालना मिळते, असे १९८४ साली आपल्याच देशातील संशोधकांनी दाखवले. अ‍ॅड्रेनलिन या संप्रेरकाची आज्ञा रोखणारी प्रोप्रानोलोल ही गोळी गुगुलिपिडबरोबर घेतली असता रक्तात कमी पोहोचते, हे १९९४ मध्ये मुंबईतील वैद्यांनी निरोगी माणसांवर तपासून सांगितले. अश्वगंधाची गोष्ट अशीच. २०१८ मध्ये भारतात, अवटु ग्रंथी किंचित मंदावलेल्या पन्नास व्यक्तींवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. अश्वगंधा घेणाऱ्यांची थायरॉइड-संप्रेरके वाढली. ज्याची ग्रंथी मंद आहे, त्यास ही आनंदवार्ता वाटेल. पण जो आधीच थायरॉक्सिनची गोळी मापून घेत आहे, त्याच्या मापात ही अदृश्य भर पडली तर छातीत धडधड, झोपमोड व वजनातली घट यांचा उगम तो कोठे शोधणार? संप्रेरकांवरील परिणामाची भीती पुढे करून डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदीच घातली. ही बंदी आम्हांस अतिरेकी वाटते. पण तिच्यामागील प्रश्न खरा आहे.

मग कायदा काय करतो? आमच्या व्यवसायाची बाजू येथे सांगितली पाहिजे. १९४० च्या औषध कायद्याने ‘औषध’ या शब्दाची व्याख्या केली, तेव्हा आयुर्वेदिक व युनानी पद्धतीनुसार ‘केवळ’ वापरली जाणारी द्रव्ये तिच्यातून वगळली. वर ज्या शब्दाच्या स्थलांतराविषयी आम्ही लिहिले, त्यावर अशी राजमुद्राच उमटली. १९६४ च्या दुरुस्तीने या औषधांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले. म्हणजे वगळलेल्यास घरात घेतले, पण खोली निराळी दिली. त्या खोलीत विषारी द्रव्यांची एक अनुसूची टांगलेली आहे. वत्सनाभ, धोत्रा, भल्लातक, कुचला अशी नावे तीत आहेत, आणि ती पोटात घेण्याच्या औषधात असल्यास वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर छापावी लागते. ज्येष्ठमध, गुग्गुळ वा अश्वगंधा तीत नाहीत, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण ती विषे नव्हेत. पुढे २०१६ च्या नियमावलीने अशा वनस्पतींस आरोग्यपूरक ‘अन्न’ म्हणून विकण्याचीही वाट दिली. सबब एकच अश्वगंधा एका दुकानात औषध आहे, दुसऱ्यात अन्न आहे, आणि अंगणात नुसते झुडूप आहे.

अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने असल्या पूरकांस अन्नाच्या बाजूस बसवले, आणि पुराव्याचे ओझे उलटे केले: वस्तू निर्धोक आहे हे विक्रीपूर्वी उत्पादकाने शाबीत करावयाचे नाही, ती घातक आहे हे शासनाने नंतर शाबीत करावयाचे. एफेड्रा या वनस्पतीची पूरके बाजारातून काढण्यास त्या शासनास २००४ साल उजाडावे लागले. युरोपीय संघाने मात्र त्याच २००४ मध्ये एक साधी गोष्ट केली. मिठाईत ज्येष्ठमध ठराविक प्रमाणाबाहेर असेल, तर ‘रक्तदाब असलेल्यांनी अतिसेवन टाळावे’ असे वेष्टनावर छापण्याचे बंधन घातले. मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांवर जी सूचना तेथे असते, ती आमच्या मावशींनी वाण्याकडून सुट्या पुडीत आणलेल्या काड्यांवर कोठून असणार?

या सर्व कायद्यांत एक समान वैगुण्य आहे. ते वस्तूस एकटीच उभी करतात व विचारतात: तू बरी की वाईट? तू औषध की अन्न? पण ज्या अपघातांचा इतिहास आम्ही वर दिला, त्यांतील प्रत्येक वस्तू एकटी असता निर्दोष सुटली असती. विचारावयास हवा होता तो प्रश्न निराळा आहे: कशाबरोबर?

आणि नवल हे की, हा प्रश्न आपणांस परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत संयोगविरुद्ध आहे, मात्राविरुद्ध आहे, वीर्यविरुद्ध आहे. मध चांगला, तूप चांगले. पण दोन्ही समप्रमाणात एकत्र घेऊ नयेत, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. त्या उदाहरणाची आधुनिक परीक्षा काय निघेल, हा वेगळा विषय. पण दोन निर्दोष वस्तूंच्या संयोगातून दोष उपजू शकतो, हे तत्त्व त्या ग्रंथकारांनी स्पष्ट ओळखले होते. चरकासमोर प्रेडनिसोलोन नव्हते. ते असते, तर त्याने यादीत त्याची भर घातली असती, असे आम्हांस वाटते. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी यष्टिमधूचे नाव तेवढे पाठ केले आणि विरुद्धाचा अध्याय मिटून ठेवला, हे त्या परंपरेवर अन्यायकारक आहे.

गोव्यात १० एप्रिल १५६३ रोजी एक ग्रंथ छापून पुरा झाला. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतातील औषधींविषयी लिहिलेली ती संवादमाला होय. तो १५३४ साली गोव्यास आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याने वैद्यकी केली, आणि युरोपच्या जुन्या ग्रंथांत बसवलेले ज्ञान येथील माणसांस विचारून तपासले. त्याने सारा ग्रंथ प्रश्नोत्तरांत घातला: एक जण विचारतो, दुसरा सांगतो. त्यातील उत्तरे आज बरीच मागे पडली आहेत. पण अनोळखी औषधीविषयी न लाजता विचारावे आणि जे ठाऊक आहे ते सांगावे, ही त्याची रीत जुनी झालेली नाही. आजच्या दवाखान्यात नेमका हाच संवाद तुटला आहे. डॉक्टर झाडपाल्यास हसतील म्हणून रोगी बोलत नाही. वैद्य गोळीस नाके मुरडतील म्हणून त्यांच्यापुढेही तो बोलत नाही. आणि दोघांच्या मधल्या मौनात ज्याचे रक्त फिरत असते, तो रोगीच.

वाचकांस आमचे सांगणे थोडके आहे. हे वाचून कोणी आपली गोळी एकाएकी बंद करू नये. विशेषतः प्रेडनिसोलोनासारखी गोळी मनाने थांबवणे जिवावर बेतू शकते. घरच्या काढ्यासही कोणी गटारात ओतू नये. मात्र संप्रेरकाशी संबंध येणारे कोणतेही औषध चालू असेल, मग ते थायरॉइडचे असो, मधुमेहाचे असो, संततिनियमनाचे असो वा स्टेरॉइड असो, तर घरातील चूर्ण, काढा, अर्क व वटी यांची नावे प्रमाणासह डॉक्टरांपुढे ठेवावीत, आणि वैद्यांपुढे गोळ्यांची. डॉक्टर व वैद्य या दोघांसही आमची विनंती आहे की, “औषध कोणते घेता?” एवढ्यावर थांबू नये.

मावशींनी आता एक वही केली आहे. पहिल्या पानावर गोळ्या, दुसऱ्यावर घरचे. गेल्या भेटीत त्यांनी ती आमच्यापुढे ठेवली, तेव्हा दुसऱ्या पानावर सुंठ, ओवा, मेथी अशी सात नावे होती, आणि ज्येष्ठमधावर काट मारून समोर तारीख घातलेली होती. आम्ही म्हटले, “मावशी, सुंठेचे कशाला लिहिलेत?” त्या म्हणाल्या, “मला काय कळतंय रे त्यातलं? ज्याला कळतंय त्याला दिसू दे.” या साक्षीपुढे आमची उलटतपासणी संपली.